ॲडव्हान्स दिलात, लगाम गेला!

घरगुती डब्याचा व्यवसाय वाढतोय आणि किचनचं काम काढायचंय? मग कॉन्ट्रॅक्टरला दर विचारण्याआधी एक हिशोब मांडा. समजा, रोज 40 डबे, एक डबा 80 रुपयांना. म्हणजे दिवसाची विक्री 3,200 रुपये. काम 15 दिवस जास्त रखडलं, तर 48,000 रुपयांची विक्री बुडाली. शिवाय तुटलेलं गिऱ्हाईक वेगळंच! कोटेशनमध्ये वाचवलेले 20,000 कुठे गेले मग?

कॉन्ट्रॅक्टर गायब का होतो? बऱ्याचदा तुमच्या ॲडव्हान्समधून तो आधीच्या साइटची उधारी भागवतो. मग तुमच्या कामासाठी त्याला पुढच्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स लागतो. अर्धे पैसे आधी हातात पडले, की तुमचा फोन उचलायची त्याला घाई राहत नाही.

म्हणून हे करा:

1. त्याचं संपलेलं काम बघाच, पण चालू साइटवरही न सांगता जा. माणसं कामावर आहेत का, ते तिथेच कळतं.

2. तोडफोड, नळाचं काम, ओटा-टाइल्स, ट्रॉल्या असे टप्पे पाडा. प्रत्येकाची तारीख आणि रक्कम कागदावर, खाली दोघांच्या सह्या. टप्पा पूर्ण, तरच हप्ता.

3. मटेरियल शक्यतो स्वतः आणा. सिंकखालच्या प्लायवूडवर आयएस 710 चा शिक्का बघून घ्या.

4. शेवटचे 10 टक्के महिनाभर वापरून झाल्यावरच द्या.

चांगला कारागीर या अटींना घाबरत नाही. जो आत्ताच चिडला, त्याने तुमचे पैसे वाचवले म्हणा!