विश्वासाच्या पेढीची खतावणी

वेस्ली बंधू आणि व्हाइटफील्ड यांची कहाणी मराठी वाचकाला अपरिचित नाही. घोड्यावरून इंग्लंडभर फिरत उघड्या माळावर हजारोंना उपदेश करणारी ही मंडळी. परंतु त्यांच्या मागून आलेल्या, आणि त्यांच्याच पंथबंधूंना नकोशा झालेल्या विल्यम हंटिंग्टन या उपदेशकाचे ग्रंथ वाचण्याचा नाद मला पुष्कळ वर्षे आहे, आणि हा नाद धार्मिक स्वरूपाचा नाही हे आरंभीच सांगून टाकणे बरे. ज्याचे समग्र वाङ्मय १८११ साली वीस खंडांत बाहेर पडले, त्याने एके काळी टेम्स नदीच्या काठी आठवड्याला दहा शिलिंग मजुरीवर कोळसा वाहिला होता, ही एकच गोष्ट कुतूहल चाळवण्यास पुरेशी आहे.

वीस खंडांपैकी निम्म्याहून अधिक भाग आज कोणाच्याने वाचवणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या करारातील एखादे अर्धे वाक्य घ्यावे, त्यावर रूपकांचे मजले चढवावेत, आणि प्रत्येक मजल्यावरून कोणत्या ना कोणत्या प्रतिपक्षाच्या डोक्यावर राख फेकावी, अशी त्याची रीत. मात्र हाच लेखक स्वतःच्या पोटाविषयी, कपड्यांविषयी आणि देण्याघेण्याविषयी बोलू लागला म्हणजे त्याची भाषा एकाएकी जमिनीवर येते, आणि अठराव्या शतकातील गरिबाच्या घरात डोकावण्याची अशी खिडकी दुसरीकडे क्वचितच उघडी सापडते.

१७४५ साली केंट परगण्यात क्रॅनब्रुकनजीक त्याचा जन्म झाला. आईचा नवरा हंट नावाचा शेतमजूर. खरा बाप मात्र त्या मजुराचा मालक, बार्नबस रसेल नावाचा शेतकरी. शिक्षण नावापुरते. पुढे निरोप्या, बंदूकवाल्याकडील उमेदवार, लाकूड चिरणाऱ्याचा मदतनीस, गाडीवान, शववाहक गाडीचा सारथी, भटक्या, माळी आणि कोळसा वाहणारा हमाल अशा नाना पायऱ्या उतरत-चढत तो व्यासपीठावर पोहोचला. वाटेत फ्रिटेंडन गावच्या एका शिंप्याच्या मुलीला त्याच्यापासून मूल झाले. पोषणखर्चाचा तगादा पॅरिशकडून लागला, तेव्हा त्याने परगणा सोडला आणि नावही पालटले. पालटले म्हणण्यापेक्षा वाढविले म्हणावे, कारण ‘हंट’ हे मूळ नाव तसेच ठेवून त्याने त्यापुढे दोन अवयव जोडले. नाव समूळ टाकले असते तर तो खोटेपणा ठरला असता, केवळ लांबविण्यात कसले पाप, अशी त्याची मखलाशी. आणि गंमत अशी की ही सारी कैफियत त्याने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात छापून टाकली. लोकांनी ती शोधून काढण्याची वाट पाहिली नाही.

नावापुढची पदवीही स्वयंप्रदत्तच होती. विद्यापीठाची मोठी पदवी घ्यावयास पैसा नाही, लहान घ्यावयास विद्या नाही, म्हणून आपण ‘एस. एस.’ या दोन अक्षरांचा आसरा घेतला, असे तो म्हणे. त्यांचा अर्थ ‘तारलेला पापी’. पुढे लुइसच्या जेंकिन जेंकिन्स या वेल्श शिष्यालाही त्याने ‘डब्ल्यू. ए.’, म्हणजे ‘वेल्श राजदूत’, अशी अक्षरे बहाल केली. दरबार नसलेल्या या दरबारात सनदा वाटण्याची हौस दांडगी होती.

साक्षात्काराचा प्रसंग मी थोडक्यात आटोपतो, कारण अशा प्रसंगांचा त्या काळी सुकाळ होता. सनबरी येथे माळीकाम करीत असताना, नासपतीच्या मोठ्या झाडाला शिडी लावून तो छाटणी करीत होता, तोच छापील प्रार्थना बाजूला ठेवून थेट ख्रिस्ताची करुणा भाकण्याची आज्ञा त्याला ऐकू आली. तो शिडीवरून उतरला, अवजारांच्या खोपटात शिरला, कमरेचे निळे एप्रन सोडून त्यानेच डोके-तोंड झाकून घेतले आणि तसाच प्रार्थनेला बसला. दर्शन झाले की नाही हे त्याचे त्याला ठाऊक. परंतु ते निळे एप्रन मात्र कल्पनेने सुचणारे नव्हे. पुढे रविवारी काम करणार नाही असे म्हटल्यावरून नोकरी गेली, आणि तो टेम्स डिटन येथे कोळशावर आला. आठवडाभर कोळसा वाहायचा, आणि फावल्या वेळी आसपासच्या गावांत उपदेश करायचा.

आता त्याच्या ज्या पुस्तकासाठी हा लेख, त्याकडे वळतो. नाव लांबलचक आहे: ‘ईश्वर गरिबांचा पालक, आणि विश्वासाची पेढी’. सतराशे ऐंशीच्या दशकात ते प्रथम निघाले, पुढे त्याला पुरवण्या जोडल्या गेल्या, आणि शंभर वर्षे ते पुनःपुन्हा छापले जात राहिले. पुस्तकाचा विषय एकच: मला अमुक वस्तू हवी होती, मी मालकाकडे, म्हणजे देवाकडे, मागणी केली, आणि ती अमुक मार्गाने पोहोचती झाली. आपल्याकडे महिपतीबुवांनी ‘भक्तविजय’ संपविला तो १७६२ साली, आणि नरसी मेहत्याने लिहिलेली हुंडी द्वारकेत सावळशा शेटीने वटविल्याची कथा त्यात आहेच. परंतु महिपतींनी ती दुसऱ्याची म्हणून, हात जोडून सांगितली. हंटिंग्टन स्वतःच हुंडी लिहितो, स्वतःच पैसे मोजून घेतो आणि स्वतःच पावती छापतो.

घोड्याची नोंद पाहा. उपदेशासाठी दूरदूर पायी जावे लागे, म्हणून त्याने घोडा मागितला. चाहत्यांनी वर्गणी काढून घोडा दिला. झाले, आता आनंद? छे. घोडा हाती येताच गृहस्थ पुन्हा मालकापुढे दरखास्त घेऊन उभा: माझ्या साऱ्या कुटुंबाला जेवढे लागते त्याच्या निम्मे या एका जनावराला लागणार, तेव्हा विश्वासावरचे काम आता पूर्वीपेक्षा वाढले! देशात राहा, भले कर, तुला खावयास मिळेल, अशा आशयाचे स्तोत्रवचन त्याला आठवले, आणि दाणागोट्याची चिंता त्या वचनावर टाकून तो मोकळा झाला.

घोड्याने दुसरी पंचाईत केली. रोजच्या स्वारीने विजार झिजली. स्वाराला शोभेल अशी कातड्याची विजार हवी, यासाठी त्याने पुष्कळदा, आणि त्याच्याच शब्दांचा भाव सांगायचा तर फार मोकळेपणाने, प्रार्थना केल्या; पण मालकाने त्याला इतके कंगाल ठेवले होते की विजार काही जमेना. अखेर त्याने ठरविले की, किंगस्टन येथे त्या धंद्यातला आपला एक स्नेही आहे, त्याच्याकडे उधारीवर विजार सांगावी. त्याच दिवशी लंडनला जाताना दुकान वाटेवरच लागले. पण दुकानासमोरून जाताना तो नेमका विसरला. लंडनात शेफर्ड मार्केटमधील क्राउचर नावाच्या चांभाराकडे तो टेकला, तेव्हा चांभार म्हणाला, तुमच्या नावे एक पुडके ठेवून गेले आहेत, आत काय ते मला ठाऊक नाही. पुडके सोडले, तो आत कातड्याची विजार आणि एक चिठ्ठी! चिठ्ठीतला मजकूर व्यवहारी होता: विजार पाठविली आहे, बसेल अशी आशा आहे, कोठे फेरफार हवा असल्यास लिहून ठेवावे. खाली सहीऐवजी दोनच अक्षरे, ‘आय. एस.’

विजार अंगावर मापाने शिवल्यासारखी बसली, आणि लंडनातील कोणत्याही कारागिराने त्याचे माप कधीच घेतलेले नव्हते. या आश्चर्याने भारावून त्याने जे उत्तर लिहिले ते त्याने पुस्तकातही दिले आहे. ज्या देवाने तुझ्या मनाला देण्याची बुद्धी दिली त्यानेच कापताना तुझा हात धरला, कारण सुमारे पाच वर्षे मला वस्त्रे पुरविणाऱ्या त्याला माझे माप पक्के ठाऊक आहे, असा त्याचा इत्यर्थ. शिवाय दात्याला सूचना अशी की, तुझ्यावर संकट आले म्हणजे माझ्या मालकाला या विजारीची आठवण करून दे, तो सन्मानाने परतफेड करील. ‘आय. एस.’चा उलगडा त्याने ‘खरा इस्रायली’ आणि ‘सचोटी’ असा करून घेतला. दात्याने ढोंग्यांसारखा शिंग फुंकून गाजावाजा केला नाही, म्हणून.

या प्रसंगावर त्या काळापासून आजपर्यंत पुष्कळ हशा झाला. मला त्यात लेखकापेक्षा तो ‘आय. एस.’ अधिक मोठा वाटतो. व्यासपीठावरच्या माणसाची कंबर केवळ नजरेने जोखून कातडे कापणारा, फेरफार असल्यास कळवा असे धंद्याला साजेसे लिहिणारा, आणि सही न करणारा तो कारागीर कोणत्याही धर्मेतिहासात सापडत नाही. हंटिंग्टनच्या पुस्तकाचे पान उलटावे तिकडे अशीच माणसे भेटतात. टिचफील्ड स्ट्रीटवर १७८३ साली त्याचे ‘प्रॉव्हिडन्स चॅपेल’ उभे राहिले, तेव्हा कोणी खुर्च्या दिल्या, कोणी पुस्तकांचे कपाट, कोणी व्यासपीठावरची गादी, कोणी चहासाखरेने भरलेली पेटी, तर एकाने मोरोक्को चामड्याच्या बांधणीचे, चांदीच्या कड्यांचे बायबल. हंटिंग्टन प्रत्येक रकमेपुढे ‘मालकाकडून जमा’ असे लिहितो. वाचणाऱ्याला दिसते की जमा लंडनच्या शिंपी-चांभारांकडून होत होती. त्याने देवाचे माहात्म्य नोंदविण्यास घेतलेली ही वही नकळत त्या वर्गाच्या औदार्याचे दफ्तर बनली.

ज्या हाताने ही कृतज्ञता लिहिली तोच हात वादात मात्र फार जड होता. त्याच्या मतांचा गाभा असा की, मोशेचा नीतिनियम हा श्रद्धावंताच्या आचरणाचा नियम नव्हे. त्याला शुभवर्तमान पुरेसे आहे. मग चोरी-व्यभिचाराला मोकळीकच मिळाली, असा आक्षेप घेणारे सर्व पंथांत निघाले, आणि ज्या गृहस्थाने नाव वाढवून परगणा सोडला होता त्याच्या तोंडी हे मत विशेषच संशयास्पद वाटले यात नवल नाही. रोलंड हिल या नामांकित उपदेशकाने त्याचे एक पुस्तक चिमट्याने उचलून, चूल पेटवायला नोकराच्या हवाली केले, असे सांगतात.

परंतु त्याच्याशी खरी झुंज दिली ती एका बाईने. मारिया दे फ्लरी ही लंडनमधील कवयित्री. लॉर्ड जॉर्ज गॉर्डन या वादग्रस्त पुढाऱ्याच्या तुरुंगवासावर आणि सुटकेवर तिने १७८१ साली कविता प्रसिद्ध केल्या होत्या, म्हणजे सार्वजनिक रणधुमाळी तिला नवी नव्हती. १७८७ साली तिने हंटिंग्टनला जाहीर पत्र लिहिले. उत्तर आले ते ‘मुलीने केलेला बापाचा बचाव’ म्हणून. १७८८ साली बाईंनी प्रत्युत्तर छापले, आणि त्याच्या मथळ्यातच सारा वार साठविला: ‘मुलीने केलेल्या बापाच्या बचावाला उत्तर, खुद्द बापालाच उद्देशून’. पडद्याआड लेखणी कोणाची आहे हे आपण ओळखतो, एवढे तिने एका मथळ्यात सुनावले. पुढील मजकूर नसता तरी चालले असते. १७९१ साली तिने नीतिनियम श्रद्धावंतालाही बंधनकारकच आहे हे मांडणारा स्वतंत्र निबंध लिहिला. त्यातील युक्तिवाद सरळ आणि संयमी आहे, आणि विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद असलेल्या काळात लिहिलेला आहे. व्यासपीठावर स्त्रीला जागा नाही असे मानणाऱ्या समाजात छापखान्याचा दरवाजा तिने कसा वापरला, यावर कोणी तरी सवडीने लिहावे. या वादात मी निःसंशय बाईंच्या पक्षाचा आहे.

उत्तरायुष्य भराभर सांगता येईल. १७९५ साली रिचर्ड ब्रदर्स नावाच्या भविष्यवाद्याचे बंड माजले तेव्हा हंटिंग्टनने त्याच्यावर खोट्या प्रेषिताची झडती घेणारे पुस्तक लिहिले. एका गावात दोन प्रेषित त्याला खपणे शक्य नव्हते. मळा आला, गाडीघोडे आले, पेंटनव्हिलला हर्मीस हिलवर घर झाले. १८०६ साली पहिली पत्नी वारली, आणि १८०८ साली माजी लॉर्ड मेयर सर जेम्स सँडरसन यांच्या विधवेशी कोळसेवाल्याने विवाह केला. १८१० साली टिचफील्ड स्ट्रीटचे मंदिर जळाले. ग्रेज इन लेनवर पुढच्याच वर्षी नवे उभे राहिले, आणि या वेळी मात्र जागेची मालकी आपल्या स्वतःच्या नावे करून घेण्याची दक्षता त्याने घेतली. विश्वासाच्या पेढीवर भिस्त ठेवणाराने दस्तऐवज पक्का करून घ्यावा, यात टीकाकारांना विसंगती दिसली. मला ती दिसत नाही; दहा शिलिंगांवर घर चालविलेला माणूस कागदाची किंमत जाणतो.

त्याच्या ग्रंथसंग्रहावर १८२१ साली ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त राजकवी रॉबर्ट सदी याने प्रदीर्घ लेख लिहिला. सदीला तो ढोंगी वाटला. तरीही त्याने त्या लेखावर पन्नासेक पाने खर्चिली आणि कोळसेवाल्याचे उतारे भरभरून दिले, यावरून खरे मत काय ते ओळखावे.

१ जुलै १८१३ रोजी टनब्रिज वेल्स येथे हंटिंग्टन वारला, आणि लुइस येथे जेंकिन्सच्या ‘जायरे’ चॅपेललगतच्या जागेत पुरला गेला. थडग्यावरचा लेख त्याने आधीच सांगून ठेवला होता: येथे कोळसेवाला आहे, देवाला प्रिय आणि माणसांना अप्रिय, आणि अंतिम न्यायसभेत इंग्लंडला व त्याच्या राजधानीला कळून येईल की, आपल्यात एक प्रेषित होऊन गेला. पेंटनव्हिलच्या घरातील चीजवस्तूंचा लिलाव झाला तेव्हा अनुयायांनी चढाओढ केली. त्याची पन्नासेक शिलिंगांची साधी हातांची खुर्ची साठ गिनींना गेल्याचे नमूद आहे. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. टेम्स डिटनच्या हमालाची ही सुमारे सव्वाशे आठवड्यांची मजुरी झाली.