वर्दी न देणारा ताप

प्रौढ माणसास इन्फ्लुएंझा झाला, म्हणजे हुडहुडी, अंगदुखी आणि कोरडा खोकला यांच्या द्वारे तो रोग आपल्या आगमनाची वर्दी साऱ्या घरास देतो. परंतु नवजात अर्भकाच्या देहात तोच रोग पाऊल न वाजवता शिरतो, आणि कालपर्यंत रडून रात्र जागवणारे बाळ आज एकाएकी 'गुणी' झाले म्हणून घरातील वडीलधारी मंडळी समाधान मानतात, नेमक्या त्याच वेळी संकटाचा प्रारंभ झालेला असण्याचा संभव असतो.

याचे कारण असे, की अर्भकाची प्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्यामुळे त्यास ताप येईलच असा नेम नाही. कित्येकदा दुपट्यात गुंडाळूनही अंग थंडच लागते. नवजात बालक मुख्यतः नाकानेच श्वास घेत असल्याने, चोंदलेल्या नाकामुळे त्यास दूध ओढता येत नाही. तेव्हा बाळाने दूध सोडणे, ते उठवूनही न उठणे, श्वास मिनिटास 60 वा त्याहून अधिक होणे, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, मध्येच श्वास थांबणे, ओठ निळसर पडणे किंवा अंगाची उष्णता 100.4 अंश फॅरनहाइटवर जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच घरगुती उपचारांत दिरंगाई न करता रुग्णालय गाठावे.

जिवाणूंमुळे रक्तात पसरणारा संसर्गही हीच लक्षणे दाखवीत असल्याने डॉक्टर केवळ पाहून निर्णय देत नाहीत. रक्ताची आणि नाकातील स्रावाची तपासणी होते, आणि अहवाल येईपर्यंत प्रतिजैविके सुरू ठेवावी लागतात. इन्फ्लुएंझावरील ऑसेल्टामिविर हे औषध पूर्ण दिवसांच्या बाळास वजनाच्या दर किलोस 3 मिलिग्रॅम या मानाने दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळास मात्रा याहून कमी असते. आजाराच्या पहिल्या 48 तासांत दिल्यास त्याचा गुण सर्वाधिक येत असल्यामुळे अहवालाची वाट न पाहताही ते सुरू केले जाते. मोठ्यांची गोळी मोडून देणे हा मात्र इलाज नव्हे, आणि ॲस्पिरिन तर सर्वथा वर्ज्य.

सहा महिन्यांखालील बाळास या रोगाची लस देता येत नाही; म्हणून गर्भवतीने ती टोचून घेणे हीच खरी तजवीज, कारण तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भास पोहोचतात. बाळंतीण स्वतः आजारी पडली, तरी हात धुऊन आणि मुखपट्टी बांधून तिने अंगावर पाजणे चालू ठेवावे. आपल्याकडे हा रोग पावसाळ्यात विशेष बळावतो. त्या दिवसांत बारशास आलेल्या शिंकणाऱ्या आप्ताने बाळंतविडा उंबऱ्यावरूनच द्यावा व मुका घेण्याचा मोह आवरावा. आणि "बाळ किती शांत आहे हो!" असे कोणी कौतुकाने म्हणाल्यास, बाळाने शेवटचे दूध केव्हा घेतले, हे घड्याळाकडे पाहून विचारावे.