अड्यारची खाडी आणि सहजीवी सूक्ष्मजीव

चेन्नईत अड्यार नदी बंगालच्या उपसागराला मिळते. तेथील मचूळ पाण्यात आणि प्राणवायू कमी असलेल्या चिखलात तिवराची झाडे वाढतात. त्याच चिखलात टोमॅटोचे रोप लावले तर ते कोमेजेल. हा फरक कशामुळे? तिवर पानांतील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते आणि श्वसनमुळांनी हवा घेते, हे आपण शिकला आहात. मात्र उत्तराचा एक भाग मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांत आहे.

सूक्ष्मजीव कशी मदत करतात?

१. खारट मातीतून पाणी शोषणे मुळांना अवघड जाते. अशा ताणात वनस्पतीत इथिलीन हे संप्रेरक वाढते आणि मुळांची वाढ खुंटते. काही जीवाणू इथिलीनचा पूर्वगामी पदार्थच विकराने तोडतात. त्यामुळे मुळे वाढत राहतात.
२. काही जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात.
३. काही जीवाणू आम्ले स्रवून मातीत अडकलेले स्फुरद विरघळवतात.

चेन्नईतील एक उदाहरण

पोर्टेरेशिया कोआर्कटाटा हा खारफुटीच्या सोबतीने वाढणारा रानटी भात आहे. अड्यारजवळ तरमणी येथे एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशन ही संस्था आहे. तेथील संशोधकांनी या भाताची मुळे, खोड आणि मुळांलगतची माती यांतून एक नवा जीवाणू वेगळा केला. 2004 मध्ये त्याचे नाव स्वामिनाथानिया सॅलिटोलेरन्स असे जाहीर झाले. तो 3 टक्के मिठातही वाढतो, तसेच मीठ असताना नत्र स्थिर करतो आणि स्फुरद विरघळवतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात, हे लक्षात घ्या.

प्राण्यांमध्ये

लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो या शिंपल्याचे अन्न लाकूड असते. लाकडात सेल्युलोज भरपूर, पण नत्र अगदी कमी असते. टेरेडोच्या कल्ल्यांतील जीवाणू लाकूड पचवणारी विकरे पुरवतात आणि नत्रही स्थिर करतात.

पुरावा कसा तपासावा?

मुळांवर जीवाणू सापडला म्हणजे तो उपयोगी आहे, असे सिद्ध होत नाही. तो नुसता पाहुणाही असू शकतो. यासाठी सोबती काढून पाहावा लागतो आणि नंतर परत देऊन पाहावा लागतो. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण मातीत वाढणाऱ्या एका गवतावर असा प्रयोग झाला. 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गवतात एक कवक राहते आणि कवकात एक विषाणू. तिघे एकत्र असताना गवत 65 अंश सेल्सिअस तापमानाच्या मातीतही तगले. कवकातून विषाणू काढताच ही क्षमता गेली आणि विषाणू परत देताच ती परतली.

किनाऱ्यावरील शेतीत खारटपणा वाढतो आहे. तेथे जीवाणू खत सुचवण्यापूर्वी हीच कसोटी लावली पाहिजे, नाहीतर नुकसान शेतकऱ्याचे होते.

स्वाध्याय

स्वामिनाथानिया भाताच्या रोपाला खारट मातीत खरोखर मदत करतो का, हे तपासण्यासाठी कुंड्यांचे किमान चार गट आखा. प्रत्येक गट का हवा, ते लिहा.