नाण्यांचा संग्रह आणि परदेशचा विमानप्रवास

हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, तसेच मराठवाड्यातील कित्येक जुन्या घरांत, देवघराच्या फडताळात एखादी कापडी पिशवी सापडतेच. चारमिनारचे चित्र असलेले काही रुपये, दोनचार राणीछाप, तांब्याच्या शिवराया आणि लक्ष्मीपूजनाला ताम्हनात मांडण्यासाठी जपलेली अशीच इतर नाणी तीत असतात. घरातील मुले आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिकेत किंवा आखाती देशांत जातात. निघताना वडीलधारी माणसे ही पिशवी प्रेमाने त्यांच्या सामानात ठेवतात. त्यात काही गैर असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. शमशाबाद विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे मात्र त्या एकाच पिशवीत कायद्याने निरनिराळी मानली जाणारी नाणी असतात. काही बाहेर नेता येतात, काही मोजूनच नेता येतात आणि काही मुळीच नेता येत नाहीत.

शंभर वर्षांची मर्यादा

या बाबतीतील मुख्य कायदा म्हणजे १९७२ चा पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम होय. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक काळ अस्तित्वात असलेले कोणतेही नाणे या कायद्यानुसार पुरावशेष ठरते. असे पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेलाच आहे. खाजगी व्यक्तीस नाही. या नियमाचा भंग करणाऱ्यास किमान सहा महिने व जास्तीत जास्त तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा सांगितलेली आहे. नाणी जप्त होतात ती वेगळीच.

येथे एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नाणे दुर्मिळ असेल तरच कायदा लागू होतो, असे पुष्कळांना वाटते. कायद्यात दुर्मिळतेची किंवा किमतीची अट नाही. व्हिक्टोरिया राणीचा रुपया सराफाकडे आजही सहज मिळतो. तरीही १९०१ पूर्वीचा म्हणून तो पुरावशेषच आहे. पेशवाईतील झिजलेली शिवराईदेखील त्यातच येते. नाणे वडिलोपार्जित आहे, विकत घेतलेले नाही, या सबबीनेही फरक पडत नाही. घरी बाळगण्यास प्रतिबंध नाही. प्रतिबंध आहे तो सरहद्दीपलीकडे नेण्यास.

हैदराबादच्या नाण्यांची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. निजामी राज्याचे चलन ‘हाली’ म्हणून ओळखले जाई आणि इंग्रजी रुपयास लोक ‘कलदार’ म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशोब मराठवाड्यातील जुन्या पिढीस तोंडपाठ असे. मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत विसाव्या शतकाच्या आरंभी चारमिनारच्या चित्राची यंत्रावर पाडलेली नाणी आली. १९११ मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आल्यावरही तेच चित्र कायम राहिले. कमानीतील अक्षर तेवढे बदलले. महबूब यांच्या नाण्यावर ‘मीम’ आहे, तर उस्मान यांच्या नाण्यावर ‘ऐन’. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला आणि १९५९ मध्ये हाली चलन संपुष्टात आले.

तेव्हा ‘मीम’ असलेली सर्व नाणी शंभरी ओलांडून गेली आहेत. ‘ऐन’ असलेल्या नाण्यांचे मात्र वर्ष पाहावे लागते आणि ते हिजरी सनात असते. १३४० हिजरीचे नाणे म्हणजे १९२१-२२ चे. त्याची शंभर वर्षे भरून गेली. १३५४ चे नाणे १९३५-३६ मधील असल्याने तूर्त मर्यादेच्या आत आहे. दिसण्यात दोन्ही सारखीच. उर्दू किंवा फारसी अंक वाचता येणारा एखादा शिक्षक गावात असेल तर पिशवीतील नाण्यांची वर्षे त्याच्याकडून लिहून घ्यावीत. विमानतळावर रांग लागलेली असताना हे काम होत नाही. संशय आल्यास अधिकारी नाणी अडवून ठेवतो आणि विमान निघून जाते.

हा प्रसंग टाळण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधीच अर्ज करावा. तज्ज्ञ नाणी पाहतात आणि ती पुरावशेष नसल्यास तसा दाखला मिळतो. एखादी वस्तू पुरावशेष आहे किंवा कसे, याविषयी वाद झाला तर निर्णयाचा अधिकार सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा आहे. अर्जासोबत प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन व धातू यांची नोंद असावी. प्रवासाच्या आदल्या दिवशी धावपळ करून हा दाखला मिळेल, अशी अपेक्षा करू नये.

नवी नाणी व सोने

अलीकडच्या नाण्यांनाही नियम आहे. हैदराबादची टांकसाळ १८०३ मध्ये स्थापन झाली, १९०३ मध्ये सैफाबादेत आली आणि १९९७ पासून तिचे काम चेर्लापल्ली येथे चालते. पंचकोनी तारा ही तिची खूण. थोर व्यक्तींच्या व प्रसंगांच्या स्मरणार्थ भारत सरकार जी नाणी काढते, ती संग्राहकांना विशेष प्रिय असतात. परकीय चलनविषयक २०१५ च्या विनियमांनुसार नेपाळ व भूतान वगळता अन्य देशांत जाताना अशी स्मारक नाणी प्रत्येकी दोनच नेता येतात. भेट देण्यासाठी एकाच प्रकारची दहा नाणी घेऊन निघणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

सोन्याच्या नाण्यांची अडचण परतताना उद्भवते. प्रवाशाला दागिन्यांवर मिळणारी सवलत नाण्यांना लागू होत नाही. म्हणून मौल्यवान नाणी घेऊन जाणाऱ्याने निघतानाच ती सीमाशुल्क अधिकाऱ्यास दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे तीच नाणी परत आणताना ती परदेशात खरेदी केली, असा प्रश्न निघत नाही. नाणी विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकू नयेत. अशा सामानातून मौल्यवान वस्तू हरवल्यास बहुतेक विमान कंपन्या जबाबदारी घेत नाहीत. जवळच्या पिशवीत ती ठेवली तर क्ष-किरण यंत्रावर धातूचा काळा गठ्ठा दिसतो आणि पिशवी उघडावी लागते. नाणी पारदर्शक पाकिटांत व सोबत यादी असेल तर दोन मिनिटांत काम होते. तुर्कस्तान, इजिप्त यांसारख्या देशांत प्राचीन अवशेषांच्या परिसरात फेरीवाल्यांकडून घेतलेले एखादे ‘जुने’ नाणेही पर्यटकास गोत्यात आणू शकते, कारण तेथील कायदे याबाबत आपल्याहून सौम्य नाहीत.

एवढा कडकपणा कशासाठी

नाणे एकदा बाहेर गेले की ते परत आणणे किती दुष्कर असते, याचे सर्वांत ठळक उदाहरण हैदराबादशीच निगडित आहे. जहांगीर बादशहाच्या काळात १६१३ मध्ये आग्रा येथे पाडलेली, एक हजार तोळ्यांची म्हणून ओळखली जाणारी, सुमारे १२ किलोग्रॅम वजनाची सोन्याची मोहर निजाम घराण्याच्या संग्रहात होती, असे सांगितले जाते. नोव्हेंबर १९८७ मध्ये ती जिनिव्हा येथे लिलावास निघाल्याचे वृत्त आले. केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली. परंतु मोहर भारतात परतली नाही. २०२२ मध्ये तिचा शोध पुन्हा सुरू झाल्याच्या वार्ता आल्या.

अशा बादशाही मोहरेपेक्षाही शेतात सापडणाऱ्या मडक्यातील नाण्यांचे मोल इतिहासाच्या दृष्टीने अधिक असू शकते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपान याच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला, याचा असा प्रत्यक्ष पुरावा हाती आला, तो साठा एकत्र राहिला म्हणूनच. तेलंगणात पूर्वीच्या करीमनगर जिल्ह्यातील कोटिलिंगाल येथे सातवाहनांचा मूळपुरुष सिमुक याची नाणी सापडली आणि पैठणच्या या राजघराण्याच्या आरंभाविषयी नव्याने विचार सुरू झाला. हीच नाणी सुटी सुटी परदेशी संग्राहकांकडे गेली असती तर ती कोठली, कोणत्या नाण्यांबरोबर मिळाली, हे कळण्याचा मार्ग उरला नसता.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना म्हणूनच १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. गावकऱ्यांनी तलाठ्यामार्फत तत्काळ वर्दी द्यावी, मडके रिकामे करू नये आणि नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नयेत. हैदराबादच्या बाग-ए-आममधील राज्य संग्रहालयात नाण्यांचा फार मोठा संग्रह आहे आणि त्यातील पुष्कळशी नाणी अशा निखात निधींतूनच आलेली आहेत.