काल कुठं कुठं गेलात?

"काकू, काल कुठं कुठं गेल्या होत्या?" सर्वेक्षकानं वैनगंगेकाठच्या पवनीतल्या एखाद्या घरी असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कोठी नाही जी, घरीच होती." जरा खोदून विचारलं की मग एकेक निघतं. सकाळी नातवाला शाळेत सोडलं, येताना गिरणीवर दळण टाकलं, दुपारी धानाच्या बांधीत शिदोरी पोचवली, संध्याकाळी दळण आणलं. प्रवास मोजणाऱ्यांच्या हिशेबात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं ही एक फेरी. म्हणजे 'घरीच' असलेल्या काकूंच्या झाल्या सात फेऱ्या! रोजच्या जाण्यायेण्याच्या मोजणीत अशा गमती बऱ्याच आहेत.

दिवस सुरू पहाटे 4 ला. आपल्याकडे 2019 आणि 2024 मध्ये देशभर 'वेळेचा वापर' सर्वेक्षण झालं. त्यात पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4 असा दिवस धरून अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब विचारला गेला. रात्री 12 ला कुणी लग्नाहून परतत असतं, कुणी रात्रपाळीवर असतं. पहाटे 4 ला मात्र बहुतेक जण अंथरुणात!

आधी रस्ता, मग दार. रस्त्यावर उभं राहून गाड्या मोजता येतात, पण गाडीतला माणूस कुठून निघाला आणि कशासाठी, ते घरीच कळतं. म्हणून अमेरिकेतल्या टल्सा, कॅन्सस सिटी अशा शहरांत 1944 मध्ये महायुद्ध चालू असतानाच दारोदार विचारणा झाली. ब्रिटनमध्ये 1965 पासून लोकांकडून आठवडाभराची प्रवास-डायरी लिहून घेतात.

मुंबई चालते, अगदी पायी. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ('एमएमआरडीए') 2008 च्या वाहतूक अभ्यासासाठी सुमारे 66 हजार घरांत विचारपूस झाली. निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी निघाल्या. लोकलच्या शहराची ही तऱ्हा!

सायकल जिंदाबाद. 2011 च्या जनगणनेत देशातल्या दर 100 घरांपैकी जवळपास 45 घरांत सायकल होती, 21 घरांत दुचाकी आणि जेमतेम 5 घरांत मोटार.

आकडे शिळे होतात. 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्याआधी आणि त्यानंतर एकाच घरात एकच प्रश्न विचारला, तरी उत्तर बदलू शकतं. नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी पवनी रोड स्थानकावर थांबायची. नोव्हेंबर 2019 मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली आणि तिच्या प्रवाशांची उत्तरंही रातोरात बदलली.

डोंग्यालाही रकाना आहे. 2011 च्या जनगणनेत कामावर जाण्याच्या साधनांत पायी, सायकल, बस, रेल्वे यांच्याबरोबर जलवाहतुकीचाही पर्याय होता. वैनगंगेकाठच्या पवनीला हे वेगळं सांगायला नको.

पण रोवणीला रकानाच नाही! कामाचं ठिकाण किती लांब आणि जाता कशानं, याचा तक्ता त्या जनगणनेत फक्त 'इतर कामगारां'चा निघाला. म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर वगळून. पवनी पडली धानाच्या पट्ट्यात. पावसाळ्यात सकाळी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसून बाया रोवणीला निघतात, तो प्रवास त्या तक्त्यात शून्य. कार्यालयात दुचाकीवर जाणारे बाबू मात्र किलोमीटरसकट हजर.

कुणाला हा नुसता आकड्यांचा खेळ वाटेल. पण बस किती सोडायच्या, पूल कुठं बांधायचा, पायवाट पक्की करायची की नाही, हे ठरवताना असेच आकडे पुढ्यात असतात. जे कागदावर आलं नाही, त्यासाठी पैसाही सहसा येत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं जुलै 2025 पासून कुटुंबांच्या प्रवासाचं देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतलं. कधी तुमच्याही दारात कुणी वही किंवा टॅब घेऊन उभं राहिलं, तर ओळखपत्र जरूर बघा, पण "घरीच होतो" म्हणून पिटाळू नका. गिरणी, बांधी, नदी, बाजार, सगळं सांगा. आणि घरातल्या बाईचं उत्तर तिलाच देऊ द्या.