निळा चंद्र, ईदचा चांद आणि उंबराचे फूल

तुमच्या दप्तरात चार भाषा असतात. बहुतेक विषय तुम्ही उर्दूतून शिकता. मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांचे तास वेगळे. शिवाय कोणाच्या घरी दखनी बोलतात, कोणाच्या घरी कोकणी. इतक्या भाषा रोज कानांवर पडत असल्या, म्हणजे एक गोष्ट लवकर लक्षात येते. माणसे जे शब्द बोलतात, त्या शब्दांचा अर्थ एक असतो आणि त्यांना सांगायचे असते ते कधी कधी दुसरेच असते.

समजा, तुमचे मामू बऱ्याच महिन्यांनी घरी आले. अम्मी त्यांना म्हणते, "भाईजान, आप तो ईद का चांद हो गए!" हे ऐकून कोणी खिडकीतून आकाशाकडे पाहत नाही. मामू फार दिवसांनी दिसले, एवढेच अम्मीला सांगायचे आहे. शेजारच्या काकूही मामूंना ओळखतात. त्या म्हणतात, "काय भाऊ, अगदी उंबराचे फूल झालात!" अर्थ तोच. उंबराला आपण उर्दूत गूलर म्हणतो आणि 'गूलर का फूल' हा मुहावरा उर्दूतही आहे. उंबराला फुले येतात. पण ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो, त्याच्या आतल्या पोकळीत ती दडलेली असतात. बाहेरून ती दिसत नाहीत. म्हणून क्वचित दिसणाऱ्या माणसाला किंवा वस्तूला लोकांनी उंबराचे फूल म्हटले.

आता इंग्रजीकडे वळू. एखादी गोष्ट क्वचित घडते, हे सांगायला इंग्रज म्हणतात, 'वन्स इन अ ब्लू मून'. शब्दशः अर्थ, निळ्या चंद्रात एकदा. चंद्र निळा का, असा प्रश्न तुम्हांला पडेल. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसऱ्या पौर्णिमेच्या चंद्राला आज 'ब्लू मून' म्हणतात. दोन पौर्णिमांमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे अंतर असते. त्यामुळे एकाच महिन्यात दोन पौर्णिमा येण्याचा योग साधारण अडीच ते पावणेतीन वर्षांनी येतो. त्या रात्री चंद्र निळा दिसत नाही, नेहमीसारखाच दिसतो. आणि गंमत अशी, की 'ब्लू मून' हे नाव दुसऱ्या पौर्णिमेला मिळण्याच्या कितीतरी आधीपासून हा इडियम इंग्रजीत आहे.

ज्याला इंग्रजीत इडियम म्हणतात, त्यालाच उर्दूत मुहावरा आणि मराठीत वाक्प्रचार म्हणतात. वर आपण तीन भाषांतले वाक्प्रचार पाहिले. ते सख्खी भावंडे वाटतात. पण ते एकमेकांच्या जागी जसेच्या तसे बसत नाहीत. 'ईद का चांद' आपण माणसाला म्हणतो. 'ब्लू मून' माणसाला म्हणता येत नाही. ते घडणाऱ्या गोष्टीबद्दल वापरतात. 'माझा भाऊ वन्स इन अ ब्लू मून पत्र लिहितो' हे बरोबर. 'माझा भाऊ ब्लू मून झाला' असे कोणत्याही इंग्रजाला सांगितले, तर तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत नेमका येथेच घोटाळा होतो. 'टु पुल समवन्स लेग' या शब्दांचे मराठीत 'पाय ओढणे' असे भाषांतर बरेच विद्यार्थी करतात. शब्द अगदी बरोबर आहेत आणि उत्तर अगदी चूक आहे. इंग्रजीत याचा अर्थ आहे, एखाद्याची गंमत करणे. मराठीत त्याला 'फिरकी घेणे' म्हणतात. मराठीतला 'पाय ओढणे' हा निराळाच वाक्प्रचार आहे. पुढे जाणाऱ्या माणसाला मत्सराने मागे खेचणे, असा त्याचा अर्थ. म्हणजे इंग्रजीत ज्याने पाय ओढला तो मित्र आणि मराठीत ज्याने पाय ओढला तो हितशत्रू! बोलचालीच्या उर्दूत 'टांग खींचना' हे चेष्टेसाठीही वापरतात, त्यामुळे तर आपला घोटाळा आणखी वाढतो.

मराठी शिकतानाही अशी फसगत होऊ शकते. 'मावळ्यांनी शत्रूला पाणी पाजले' हे वाक्य तुम्ही इतिहासाच्या गोष्टीत वाचले, तर मावळे फार दयाळू होते असे समजू नका. 'पाणी पाजणे' म्हणजे पराभव करणे. पाण्याचे वाक्प्रचार मराठीत पुष्कळ आहेत. 'तोंडाला पाणी सुटणे' तुम्हांला ओळखीचे वाटेल, कारण उर्दूत 'मुंह में पानी आना' आहे आणि इंग्रजीतही तोंडाला पाणी सुटते. बिर्याणीच्या वासाने कोणत्याही भाषेच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटणारच. पण 'तोंडचे पाणी पळणे' म्हणजे अतिशय घाबरणे. एकच तोंड आणि एकच पाणी, पण एकदा खाण्याचा मोह आणि एकदा भीती. उर्दूत लाजेने माणूस 'पानी पानी' होतो. इंग्रजीत माणूस संकटात सापडला, तर तो 'इन हॉट वॉटर' म्हणजे गरम पाण्यात असतो. कोणाच्या उत्साहावर इंग्रजीत थंड पाणी ओततात. त्याच ठिकाणी मराठीत उत्साहावर विरजण घालतात. दूध नासवायला नव्हे, दही लावायला विरजण लागते. पण ज्याला दूधच हवे होते त्याचे काय, असा काहीसा भाव त्यात आहे. मला विचाराल, तर येथे मराठी वाक्प्रचार इंग्रजीपेक्षा अधिक चवदार आहे.

भूक लागली, की मराठी माणसाच्या पोटात कावळे ओरडतात. उर्दू बोलणाऱ्याच्या पोटात चूहे दौडते हैं. इंग्रज म्हणतो, 'आय कुड ईट अ हॉर्स', म्हणजे मी आख्खा घोडा खाऊ शकेन. आता मराठीच्या पेपरात 'पोटात उंदीर धावणे' लिहिले, तर वाचणाऱ्याला अर्थ कदाचित कळेल, पण हसू आल्याशिवाय राहणार नाही. वाक्प्रचारातले शब्द बदलता येत नाहीत. कावळ्यांच्या जागी चिमण्यादेखील चालत नाहीत.

मग हे शब्द ठरवले कोणी? एका माणसाने नाही. ज्या लोकांचे जसे जीवन, तशी त्यांची भाषा. इंग्लंडच्या तीन बाजूंना समुद्र आहे. तेथील माणसे शतकानुशतके शिडांच्या जहाजांवर काम करीत. अशा जहाजावर दोरच दोर असत. कोणता दोर कोणत्या शिडाचा, हे नव्या खलाशाला आधी शिकावे लागे. म्हणून नवे काम शिकून घेण्याला इंग्रजीत 'टु लर्न द रोप्स' म्हणतात. हा वाक्प्रचार जहाजांवरूनच आला, असे बहुतेक जाणकार मानतात. दोघांवर सारखेच संकट आले, तर ते 'इन द सेम बोट', एकाच होडीत असतात. पूर्वीच्या चापाच्या बंदुकीत एका लहानशा खोलगट जागेत थोडी दारू ठेवीत. चाप ओढला की ठिणगी पडून ती पेटे आणि तिची आग नळीतल्या दारूपर्यंत पोहोचे. कधी कधी बाहेरची दारू नुसतीच भपकन पेटे आणि गोळी सुटतच नसे. त्या खोलगट जागेचे नाव पॅन. म्हणून सुरुवातीला चमकून लगेच विझून जाणाऱ्या यशाला 'अ फ्लॅश इन द पॅन' म्हणतात. त्या बंदुका गेल्या, वाक्प्रचार राहिला.

क्रिकेटचे तर तुम्हांला सांगायलाच नको. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीत सापडणे. मराठीत आपण 'कात्रीत सापडणे' म्हणतो. पूर्वी सामना चालू असताना खेळपट्टी झाकून ठेवीत नसत. पावसाने ती भिजे. मग ऊन पडून ती वाळू लागली, की चिकट होई आणि चेंडू कसा उसळेल याचा भरवसा नसे. फलंदाजाची मोठी पंचाईत होई. आता मोठ्या सामन्यांत खेळपट्टीवर आच्छादन घालतात, त्यामुळे अशी खेळपट्टी सहसा दिसत नाही. तरी मंत्री किंवा व्यापारी पेचात सापडले, की इंग्रजी वर्तमानपत्रे अजून त्यांना स्टिकी विकेटवर उभे करतात.

काही वाक्प्रचारांत गावांची नावे असतात. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल नावाचे शहर आहे. त्याच्या आसपास कोळशाच्या खाणी होत्या आणि तेथून जहाजे भरून कोळसा लंडनला जात असे. तेथे कोळसा विकायला नेणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. म्हणून जेथे एखादी वस्तू भरपूर आहे, तेथेच ती नेण्याला 'टु कॅरी कोल्स टु न्यूकॅसल' म्हणतात. आता आपली उर्दू कहावत आठवा, 'उलटे बांस बरेली को'. बरेली बांबूंसाठी प्रसिद्ध होती. फारसीत लोक 'जिरे किरमानला नेतात', कारण इराणमधील किरमान हा प्रांत जिऱ्यासाठी नावाजलेला आहे. कोळसा, बांबू आणि जिरे. तीन देशांतल्या माणसांना एकच वेडेपणा दिसला आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या बाजारपेठेचे नाव घेतले. न्यूकॅसलच्या त्या खाणी आता बंद झाल्या आहेत, पण भाषेतला कोळसा काही संपलेला नाही.

याहून मोठी जोडी रणांगणांची आहे. १८ जून १८१५ रोजी बेल्जियममधील वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. अनेक लढाया जिंकलेल्या या सेनापतीची ही शेवटची लढाई. त्यानंतर त्याला सेंट हेलेना या दूरच्या बेटावर कैदेत ठेवण्यात आले आणि तेथेच १८२१ मध्ये तो मरण पावला. तेव्हापासून, सतत जिंकणाऱ्या माणसाला अखेर हरवणारा कोणी भेटला, की 'ही मेट हिज वॉटर्लू' असे म्हणतात. मराठीत अशा वेळी 'पानिपत होणे' म्हणतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अहमदशाह अब्दालीने मराठ्यांचा पराभव केला. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले. मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने लढला आणि मारला गेला; हे नाव तुम्ही विसरू नये असे मला वाटते. महाराष्ट्रात क्वचितच एखादे घराणे असे असेल, की ज्याला त्या दिवसाची झळ लागली नाही. म्हणून आजही निवडणुकीत एखाद्या पक्षाचा धुव्वा उडाला, की 'पक्षाचे पानिपत झाले' असे छापून येते. अर्थाच्या छटेत थोडा फरक आहे. वॉटर्लू बहुधा एकट्या माणसाचे होते. पानिपतात सगळ्यांचीच वाताहत होते.

काही वाक्प्रचारांचा उगम मात्र सापडत नाही. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे तुम्ही सर्वांनी पाठ केलेले आहे. मांजरे आणि कुत्रे पावसाबरोबर का पडावेत? पूर्वी गवताच्या छपरावर मांजरे-कुत्रे झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती ऐकायला छान आहे, पण तिला पुरावा नाही. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने १७३८ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात हा वाक्प्रचार वापरला आहे. त्याच्या आधीही त्यासारखे शब्द आढळतात. पण कुत्र्या-मांजरांचे कारण कोणीच लिहून ठेवलेले नाही. अशा वेळी 'उगम निश्चित नाही' हेच खरे उत्तर होय. आपल्याकडे मात्र कारण सरळ आहे. उर्दूत 'मूसलाधार बारिश' आणि मराठीत 'मुसळधार पाऊस'. मुसळासारख्या जाड धारांचा पाऊस. येथे उर्दू आणि मराठी यांनी एकच मुसळ उचलले आहे. आणखी एक सांगून ठेवतो. आपल्या निबंधांत कुत्री-मांजरे जितकी पडतात, तितकी ती आज इंग्रजांच्या बोलण्यात पडत नाहीत. ते बहुधा 'इट्स पोअरिंग' असे साधेच म्हणतात.

अर्थ कळला, की वाक्प्रचार वापरायला मोकळे झालो, असेही नाही. 'टु किक द बकेट' याचा अर्थ 'मरणे' असा कोशात दिलेला असतो. समजा, तुमच्या मित्राचे आजोबा वारले आणि तुम्ही त्याला इंग्रजीत सांत्वनाचे पत्र लिहायला बसलात. आपले इंग्रजी चांगले दिसावे म्हणून तुम्ही लिहिले, 'युवर ग्रँडफादर किक्ड द बकेट'. व्याकरण बिनचूक आहे. पण हा वाक्प्रचार थट्टेचा आहे. मराठीत 'तुझे आजोबा गचकले' असे लिहिल्यासारखे ते होईल. दुःखात असलेला मुलगा ते पत्र वाचून तुमच्याशी पुन्हा बोलेल का? उर्दूत आपण 'इंतिकाल हो गया' म्हणतो किंवा 'अल्लाह को प्यारे हो गए' म्हणतो. मराठीत 'निधन झाले' किंवा 'देवाज्ञा झाली' म्हणतात, आणि मुसलमान माणसाबद्दल मराठी वर्तमानपत्रांत 'पैगंबरवासी झाले' असेही लिहितात. इंग्रजीत अशा पत्रासाठी 'पास्ड अवे' हे शब्द आहेत.

यासाठी एक वही करा. पानावर तीन रकाने आखा: इंग्रजी, मराठी, उर्दू. नवा वाक्प्रचार भेटला, की त्याचे शब्दशः भाषांतर लिहू नका. अशा प्रसंगी आपल्याकडे काय म्हणतात, हे घरातल्या मोठ्यांना, शेजाऱ्यांना, वाण्याला, बसच्या कंडक्टरला विचारा आणि ते लिहा. सोबत एक पूर्ण वाक्य लिहा आणि तो थट्टेचा आहे की आदराचा, तेही नोंदवा. कधी तिन्ही रकान्यांत एकच चित्र येईल. 'क्रॉकोडाइल टिअर्स' घ्या. मराठीत 'नक्राश्रू' आणि उर्दूत 'मगरमच्छ के आंसू'. कधी एखादा रकाना रिकामा राहील. तो तसाच ठेवा, ओढूनताणून भरू नका. पुढे एखाद्या दिवशी रेशनच्या रांगेत उभे असताना कोणाच्या तरी तोंडून नेमका तोच शब्द ऐकू येतो.