वाढत्या वयाचे शास्त्र आणि त्याचे वाचक : ‘कमिंग ऑफ एज इन सामोआ’च्या अभिग्रहणाचा विचार

कादंबरीविषयी वाचकांत मतभेद झाले, तर ते रुचिभेदाचे समजले जातात. सामाजिकशास्त्रीय ग्रंथाविषयी झाले, तर ते तथ्याविषयीचे मानले जातात. शास्त्रीय ग्रंथाचा वाचक केवळ ‘हे खरे आहे काय?’ एवढेच विचारतो, असे यामागील गृहीत आहे. कुमारवय आणि समाज यांचा संबंध सांगणाऱ्या ग्रंथांच्या बाबतीत मात्र हे गृहीत टिकत नाही. असा ग्रंथ वाचणारा प्रत्येक वाचक कधीतरी लहानाचा मोठा झालेला असतो आणि आपल्या वाढीचा अनुभव तो वाचनात आणतोच. मार्गारेट मीड (१९०१-१९७८) यांच्या ‘कमिंग ऑफ एज इन सामोआ’ (१९२८) या ग्रंथाचे अभिग्रहण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मीड १९२५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अमेरिकन सामोआतील ताऊ या बेटावर गेल्या. त्यांचे गुरू फ्रान्झ बोआस यांनी त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न नेमका होता. जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात पौगंडावस्था हा वादळी आणि तणावाचा काळ मानला होता. ही अस्वस्थता शरीरधर्मातून येते की संस्कृतीतून, हे तपासावयाचे होते. तीन गावांतील अडुसष्ट मुलींच्या पाहणीवरून मीड यांनी असा निष्कर्ष काढला, की सामोआत हे संक्रमण तुलनेने शांतपणे घडते. म्हणून त्या वयातील वादळाचे कारण निसर्गात नव्हे, तर समाजरचनेत शोधावयास हवे.

या ग्रंथाची रचना साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. आरंभीच पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या सामोअन दिवसाचे कथनात्मक वर्णन येते. त्यात विशिष्ट तारखेचा दिवस नाही. अनेक दिवसांतून घडविलेला तो एक नमुनेदार दिवस आहे. शेवटच्या दोन प्रकरणांत लेखिका सामोआ सोडून अमेरिकन घर, शाळा आणि मुलींचे शिक्षण यांकडे वळते. ही प्रकरणे प्रकाशकाच्या सूचनेनंतर सिद्ध झाली. तक्ते आणि पद्धतिविषयक माहिती परिशिष्टांत गेली. अभिप्रेत वाचक कोण, हे या मांडणीतूनच ठरते : तो अमेरिकन पालक आहे, शिक्षक आहे. ‘पाश्चात्त्य संस्कृतीसाठी’ केलेला अभ्यास असे उपशीर्षकही सांगते. ज्यांच्याविषयी ग्रंथ लिहिला, त्या मुली या वाचकवर्गात धरलेल्याच नव्हत्या.

पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत तरुण पिढीच्या वर्तनाची चर्चा जोरात होती. त्यामुळे वाचकांना या ग्रंथात दूरच्या बेटापेक्षा आपल्याच मुलामुलींचा प्रश्न दिसला. मानवी वर्तन बदलता येते, हा दिलासा कित्येकांना त्यातून मिळाला, आणि ग्रंथ सर्वसामान्य वाचकांत व महाविद्यालयांच्या वर्गांत अनेक दशके वाचला गेला. हान्स रॉबर्ट याऊस यांनी मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. ग्रंथाने दिलेले उत्तर आणि त्या काळातील वाचकांच्या मनातील प्रश्न यांचा येथे विलक्षण मेळ बसला होता.

१९८३ साली डेरेक फ्रीमन यांचे ‘मार्गारेट मीड अँड सामोआ’ हे पुस्तक निघाले आणि हे क्षितिज पालटले. सामोअन समाजात कडक शिस्त, कौमार्याविषयीचा आग्रह आणि हिंसाही आहे, असे सांगून त्यांनी मीड यांचे निष्कर्ष चुकीचे ठरविले. पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर त्याची दखल घेतली. त्याच वर्षीच्या अखेरीस अमेरिकन मानवशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनाने ते पुस्तक अशास्त्रीय आणि दिशाभूल करणारे असल्याचा ठराव केला. शास्त्रीय ग्रंथाविषयीचे मत बहुमताने ठरावे, ही घटनाच बोलकी आहे. वाद सामोआच्या निमित्ताने चालला असला, तरी त्याच्या मुळाशी अनुवंश श्रेष्ठ की संस्कृती, हा पाश्चात्त्य प्रश्न होता. पुढे पॉल शँकमन यांनी २००९ च्या ग्रंथात फ्रीमन यांनी पुराव्यांची सोयीस्कर निवड केल्याचे दाखविले. मीड यांचे काही निष्कर्ष अतिव्याप्त होते आणि फ्रीमन यांचे खंडनही तितकेच एकांगी होते, असे आज म्हणता येते.

या वादात तिसऱ्या वाचकवर्गाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. शिकून विद्यापीठांत आलेल्या सामोअन तरुणांनी हा ग्रंथ वाचला तेव्हा त्यांच्यासमोर सिद्धान्त नव्हता. त्यांच्या आज्या आणि आत्या होत्या. मीड यांनी मुलींची नावे बदलली होती. परंतु लहानशा बेटावर नाव बदलल्याने माणूस लपत नाही. ख्रिस्ती आचारधर्म आणि कुटुंबाची प्रतिष्ठा जपणाऱ्या समाजाला विवाहपूर्व संबंधांची ती वर्णने अवमानकारक वाटली. फ्रीमन यांनी रंगविलेले हिंसेचे चित्रही अनेकांना तितकेच खटकले. म्हणजे मीड चुकल्या असे म्हणणारा सामोअन वाचक फ्रीमन यांच्या बाजूचा असेलच, असे नव्हते. त्याचा आक्षेप अधिक मूलगामी होता : आमच्या वाढीची कहाणी कोणी सांगावी आणि कोणाला सांगावी?

या आक्षेपाला उत्तर मिळाले ते सर्जनशील साहित्यातून. आल्बर्ट वेन्ट यांनी १९८३ च्या आपल्या लेखात मीड आणि फ्रीमन यांच्या सामोआशेजारी स्वतःचाही सामोआ ठेवला. सिया फिगिएल यांच्या ‘व्हेअर वी वन्स बिलाँग्ड’ (१९९६) या कादंबरीत तर वाढत्या वयातील मुलगीच निवेदक आहे. तिच्या जगातील शिक्षा, मैत्री, कुतूहल आणि भय हे सारे एकत्र येते. ‘शांत’ किंवा ‘वादळी’ या दोन्ही विशेषणांत ते मावत नाही. पाहणीचा विषय असलेली मुलगी येथे कथनाची कर्ती झाली.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनांत बालपणाचे अनुभव मोठ्या प्रमाणावर आले आणि मध्यमवर्गीय वाचकाने ती प्राधान्याने सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचली. दलित समाजातील काही सुशिक्षित वाचकांना मात्र आपले दैन्य असे उघड्यावर मांडलेले रुचले नाही. सामोअन वाचकाच्या संकोचाशी या अस्वस्थतेचे नाते आहे. फरक एवढाच, की येथे सांगणारा बाहेरून आलेला नव्हता. ‘बलुतं’मध्ये दगडू आपली कहाणी शिकलेल्या दया पवारांना सांगतो. ज्याचे वर्णन होते तो आणि ते ऐकणारा, ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत. वर्णनविषय आणि वाचक यांच्यातील जे अंतर मीड यांच्या ग्रंथाने विचारातच घेतले नव्हते, तेच या संहितेचे आशयसूत्र बनले आहे.

यावरून शास्त्रीय ग्रंथ आणि आत्मकथन यांतील सत्य सारखेच असते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शास्त्राला पडताळणीचे बंधन असते, आणि मीड यांच्या विधानांची पडताळणी होणे आवश्यकच होते. परंतु वाढत्या वयाविषयीच्या ग्रंथाची परीक्षा तथ्यांपाशी संपत नाही. या ग्रंथात कोणता वाचक गृहीत धरला आहे, कोणता वगळला आहे, आणि वगळलेल्या वाचकाच्या हाती तो पडला तर काय घडेल, हे प्रश्न साहित्याच्या वर्गात विचारले जावयास हवेत. ताऊवरील मुलींविषयी १९२८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला; सामोअन मुलीच्या वाढत्या वयाची कहाणी तिच्याच तोंडून सांगणारी फिगिएल यांची कादंबरी त्यानंतर अडुसष्ट वर्षांनी आली. या दीर्घ अंतराची जाणीव ठेवून केलेले वाचनच अशा ग्रंथांना न्याय देऊ शकेल.